अद्ययावतीकरण आणि अनाहूत फेरफार

जमीनमहसुलाच्या दफ्तराशी ज्यांचा कधी ना कधी संबंध आला आहे, त्यांना फेरफार हा शब्द नव्याने समजावून सांगावयास नको. खरेदी असो, वारसा असो वा वाटणी असो, हक्कात काही बदल घडला की त्याची नोंद प्रथम फेरफाराच्या वहीत होते, हितसंबंधी मंडळींना नोटीस जाते, हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत मिळते, आणि ती मुदत निर्वेधपणे उलटून नोंद प्रमाणित झाली म्हणजे मगच सातबाऱ्यावरील नाव बदलते. लिनक्स या संगणकप्रणालीतही असेच एक दफ्तर असते. डेबियन आणि तिच्या वंशातील उबुंटू, मिंट इत्यादी वितरणांत, म्हणजे ज्यांना जाणकार मंडळी डिस्ट्रो म्हणतात त्यांत, ते ‘स्टेटस’ नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत नांदते. यंत्रावर बसविलेल्या प्रत्येक पॅकेजाचे नाव काय, आवृत्ती कोणती, ते कोणावर अवलंबून आहे आणि कोणाशी त्याचे वाकडे आहे, हा सारा तपशील तीत ओळीने लिहिलेला असतो. बदल करण्यापूर्वी नोटीस येथेही निघते. फरक एवढाच की, ती पडद्यावर क्षणभर झळकते आणि हरकतीची मुदत ‘एंटर’ची कळ दाबली जाईपर्यंतचीच असते.

या घाईच्या नोटिशीतून जी तक्रार उद्भवते ती लिनक्सच्या जगात तीस वर्षांची जुनी आहे. मनुष्य ‘अपडेट’ मागतो आणि त्याच्या पदरी बदल पडतो. दुरुस्तीसाठी बोलावलेला गवंडी भिंतीबरोबर देव्हाऱ्याचीही जागा हलवून जातो. या तक्रारीची गणना सामान्यतः तांत्रिक दोषांत केली जाते, आणि काही प्रसंगी ती रास्तही असते. परंतु आजवरची ठळक प्रकरणे एकत्र ठेवून पाहिली असता प्रस्तुत लेखकास असे वाटते की, मूळ प्रश्न बिघाडाचा नसून मुखत्यारीचा आहे: दुरुस्ती, भर आणि बदली या तीन अगदी निराळ्या कृत्यांना आपण एकच नाव दिले, पहिल्या कृत्यासाठी दिलेली संमती उरलेल्या दोहोंसाठीही वसूल होऊ दिली, आणि मग यंत्राने आगळीक केली म्हणून त्याच्यावर रुसून बसलो.

ही मुखत्यारी दिली कशी गेली, हे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. १९९३ च्या ऑगस्टात इयान मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली, त्या काळी एखादा प्रोग्रॅम बसविणे म्हणजे त्याची मूळ संहिता उतरवून घेणे, ती आपल्या यंत्रावर संकलित करणे आणि कोणती फाइल कोठे ठेवली हे स्वतःच्याच स्मरणात जपणे, असा खटाटोप असे. डेबियनची ‘डीपीकेजी’ आणि रेड हॅटची ‘आरपीएम’ या दोन पद्धतींनी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या विस्कळीत व्यवहारास दफ्तराची शिस्त लावली. तथापि नोंद ठेवणारा कारकून मिळाला, तरी धावपळ करणारा शिपाई अद्याप मिळाला नव्हता. एक पॅकेज बसवावयास जावे तर ते दुसरे मागे, दुसरे तिसरे मागे, आणि ती सारी शोधून आणण्याचे काम माणसाच्याच गळ्यात पडे. १९९९ साली डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ‘एपीटी’ हे साधन लोकांच्या हाती आले आणि हा वनवास संपला. काय हवे ते सांगावे, त्यासाठी आणखी काय लागेल आणि काय हटवावे लागेल ते यंत्राने ठरवावे, अशी नवी वहिवाट पडली. सोय अपूर्व होती, यात शंकाच नाही. पण त्याच दिवशी संगणकाचा मालक सर्व कागद स्वतः लिहिणाऱ्याच्या पदावरून केवळ सही करणाऱ्याच्या पदावर आला, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानात आले नसावे.

यंत्र जे ठरविते ते कसे ठरविते, हे समजून घेतल्यावाचून त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. प्रत्येक पॅकेज आपल्या अटी जाहीर करते: मला अमुक ग्रंथालय अमुक आवृत्तीचे किंवा त्याहून नवे हवे, तमुक पॅकेजाबरोबर मी एका घरात राहणार नाही. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ मध्ये अशा पॅकेजांची एकूण संख्या ६४,४१९ होती. इतक्या अटींतून सर्वांना मानवेल असा संच निवडणे हा प्रश्न सकृद्दर्शनी वाटतो तितका सोपा नाही. युरोपातील संशोधकांनी, रोबेर्तो दी कॉस्मो हे त्यांपैकी एक, २००६ च्या सुमारास हे सिद्ध केले की, एखादे पॅकेज बसविता येईल की नाही एवढेच ठरविणेसुद्धा गणिती परिभाषेत ‘एनपी-पूर्ण’ या वर्गात, म्हणजे ज्यांस सर्व प्रसंगी लागू पडणारी शीघ्र रीत कोणालाच गवसलेली नाही अशा प्रश्नांच्या पंक्तीत, बसते. त्यातून एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे सारखीच शुद्ध ठरू शकतात. पडद्यावरची सारी मांडणी काढून टाकून उरलेला संच निर्दोष ठेवणे हेही गणिताच्या दृष्टीने एक उत्तरच असते. त्या मांडणीवाचून मालकाला आपले यंत्र निरुपयोगी वाटेल, ही गोष्ट त्या समीकरणात कोठेही लिहिलेली नसते.

डेबियनच्या शिल्पकारांना या धोक्याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. त्यांनी आरंभीच दोन हुकूम वेगळे ठेवले. ‘एपीटी-गेट अपग्रेड’ हा सौम्य हुकूम असलेल्या पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या आणतो, पण नवे पॅकेज घेत नाही आणि असलेले काढीत नाही. ‘डिस्ट-अपग्रेड’ हा, ज्याचे नाव आता ‘फुल-अपग्रेड’ असे झाले आहे, प्रसंगी घेतोही आणि काढतोही. पुढे २०१४ साली ‘एपीटी’ याच नावाचा सुटसुटीत हुकूम आला, तेव्हा त्याच्या ‘अपग्रेड’ला नवी पॅकेजेस घेण्याची मुभा देण्यात आली, काढण्याची मात्र नाही. तेव्हा मुखत्यारपत्राचे निदान दोन दर्जे पहिल्यापासून होतेच, तिसरा पुढे आला. परंतु दर्जे असणे निराळे आणि सही करणाऱ्याने ते वाचणे निराळे.

या न वाचण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०२१ च्या नोव्हेंबरातील आहे. लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील विख्यात तंत्रसमीक्षकाने पॉप ओएस या वितरणावर ‘स्टीम’ हा खेळांचा प्रोग्रॅम बसविण्याचा हुकूम दिला. त्या सुमारास त्या पॅकेजाच्या अवलंबनांची जुळणी तात्पुरती बिघडलेली होती. यंत्राने हिशेब केला, आणि स्टीम बसवावयाचे तर पडद्यावरील मांडणीच काढावी लागेल, असे उत्तर काढले. उत्तर भयंकर आहे हे त्यालाही कळत होते; म्हणूनच नेहमीच्या ‘होय’वर न भागविता, ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे एक अख्खे वाक्य टंकून देण्याची अट त्याने घातली. त्या गृहस्थाने ते वाक्य टंकले, आणि काही क्षणांत त्याच्यापुढे काळ्या पडद्यावरील अक्षरांवाचून काही उरले नाही. हसणाऱ्यांनी या प्रसंगाला पुष्कळ हसून घेतले. एपीटीच्या कर्त्यांनी मात्र हसण्यावारी न नेता त्याच महिन्यातील २.३.१२ या आवृत्तीत असा बंदोबस्त केला की, अवलंबनाचे गणित सोडविताना आवश्यक म्हणून नोंदलेले पॅकेज काढण्याचा मार्ग यंत्राने यापुढे धुंडाळूच नये. नवख्या माणसाने सूचना वाचावयास हवी होती, हा युक्तिवाद खरा असूनही अपुरा आहे, असाच या दुरुस्तीचा अर्थ होतो. ज्या दफ्तरात रोज पन्नास नोटिसा निघतात त्या दफ्तरातील एक्कावन्नावी नोटीस प्राणघातक असली, तर दोष केवळ वाचणाऱ्याचा नव्हे.

यावरून सौम्य हुकूम तेवढा सुरक्षित, असा कोणी निष्कर्ष काढील तर त्याला २००८ सालचे प्रकरण आठवून द्यावे लागेल. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात, एका तपासणी-साधनाच्या कुरकुरीमुळे, काही ओळी वगळण्यात आल्या आणि त्यांबरोबर गुप्त किल्ल्या घडविण्यास लागणारी यदृच्छाही जवळजवळ संपूर्णपणे गेली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीच्या शक्यता कोट्यवधींच्याही पलीकडे असावयाच्या, त्या बत्तीस हजारांच्या आसपास उरल्या. लुचानो बेल्लो यांनी हा दोष हेरला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला, तोवर वीस महिने दुबळ्या किल्ल्या जगभर वाटल्या गेल्या होत्या. दुरुस्तीची गंमत पुढेच आहे. दूरस्थ प्रवेशाचे जे पॅकेज सुधारून पाठविले त्याला निषिद्ध किल्ल्यांची यादी सोबत हवी होती, आणि ती यादी एका नव्या पॅकेजात होती. सौम्य हुकूम नवे पॅकेज घेत नसल्यामुळे, जो सावध मनुष्य केवळ त्यावर विसंबला त्याचे दार दुरुस्तीनंतरही किलकिलेच राहावयाचे. येथे भर घालणे हीच दुरुस्ती होती. शिवाय यंत्राच्या जुन्या किल्ल्या रद्द करून नव्या घडविणे हाही फेरफारच, पण त्याला नको म्हणणारा मालक शहाणा ठरला नसता.

काढून टाकणे हेसुद्धा कधी कधी निव्वळ नामांतर असते. ३२ बिटांत काळ मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी ओसंडणार आहेत, त्यावर उपाय म्हणून डेबियनने २०२४ च्या पूर्वार्धात आपल्या असंख्य ग्रंथालयांच्या नावांपुढे ‘टी६४’ असे उपपद जोडले. त्या दिवसांत जे डेबियनच्या अस्थिर शाखेवर होते त्यांच्यापुढे काढावयाच्या पॅकेजांच्या लांबच लांब याद्या येत. त्यांतील पुष्कळशा केवळ जुन्या नावाची जागा नव्याला करून देण्यासाठी होत्या, परंतु काहींत संक्रमण अर्धवट राहिल्यामुळे खरोखरीची हानीही लपलेली असे. दोहोंतला भेद नुसत्या यादीवरून कळणे अवघड. अशा वेळी चार दिवस काहीही न करणे हाच अनुभवी लोकांचा उपाय असतो आणि तो बहुधा यशस्वी होतो.

आतापर्यंतची प्रकरणे गणिताची किंवा निरुपायाची होती. ज्या फेरफारांनी खरी कटुता निर्माण केली ते धोरणाचे होते, आणि त्यांत अग्रस्थान उबुंटूच्या ‘स्नॅप’ला द्यावे लागेल. कॅनॉनिकल या कंपनीने डेबियनच्या पॅकेजांहून भिन्न असा हा बंदिस्त पुडक्यांचा प्रकार काढला. त्याचे अधिकृत भांडार तीच चालविते आणि त्या भांडाराची सर्व्हरकडील संहिता खुली नाही. उबुंटू १९.१० पासून आणि विशेषतः २०२० च्या एप्रिलातील २०.०४ पासून क्रोमियम या ब्राउझरचे जुन्या नावाचे पॅकेज मागितले असता हाती पडे ते एक पोकळ पॅकेज, ज्याचे एकच काम असे: मागल्या दाराने स्नॅपची यंत्रणा आणणे आणि तीमार्फत ब्राउझर बसविणे. दोन वर्षांनी २२.०४ मध्ये फायरफॉक्सचीही हीच गत झाली. कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती. ब्राउझरच्या सुरक्षा-दुरुस्त्या सतत येतात, त्या प्रत्येक जुन्या आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे संकलित करीत बसण्यात मनुष्यबळ खर्ची पडते, आणि एकच पुडके सर्वत्र चालले तर तो भार हलका होतो. परंतु हा लाभ होता वाटणाऱ्याचा. आणि ज्याला तो नको होता त्याने नको कसे म्हणावे, याची तजवीज प्रथम झाली नाही.

या प्रकरणातील एक बारकावा मोठा बोलका आहे. पॅकेजांच्या आवृत्ती-क्रमांकाच्या अगोदर कधी कधी एक आकडा व अपूर्णविरामाचे चिन्ह असते, त्याला ‘इपॉक’ म्हणजे युग म्हणतात. मोजणीची पद्धतच बदलावी लागली तर जुन्या क्रमांकांवर मात करता यावी, एवढ्यासाठी ती सोय आहे. उबुंटूच्या पोकळ फायरफॉक्सला युग १ देण्यात आले. परिणामी कोणी अन्य भांडारातून खरे डेबियन-पद्धतीचे फायरफॉक्स आणले, तर त्याचा क्रमांक शंभराच्या पुढे असूनही ते कनिष्ठ ठरे आणि पुढच्या अपडेटला पोकळ पॅकेज निमूटपणे त्याच्या गादीवर येऊन बसे. कलियुगातील राजापेक्षा सत्ययुगातील द्वारपाल श्रेष्ठ, असा हा न्याय! तो उलटविण्यासाठी प्राधान्याच्या फाइलीत एक हजाराहून मोठा आकडा लिहून आपल्या पसंतीचे भांडार वरचढ ठरवावे लागे. लिनक्स मिंट हे उबुंटूच्याच पायावर उभे असलेले वितरण. त्याच्या चालकांनी २०२० च्या उन्हाळ्यात, आपली मिंट २० ही आवृत्ती काढताना, स्नॅपची यंत्रणा गुपचूप बसू नये म्हणून याच प्राधान्याच्या फाइलींपैकी एकीत मनाई लिहूनच आवृत्ती वाटली. मूळ वितरणाचा निर्णय वारसाने नाकारल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचित सापडेल. वारसांचा हा प्रश्न आपल्यालाही अगदी परका नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने घडविलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनच्याच आधाराने उभी आहे, आणि अशा प्रत्येक वारसाला ज्याच्या घरात राहतो त्याने केलेले फेरफार घ्यावयाचे की अडवावयाचे, हे वरचेवर ठरवावे लागते. स्नॅपची पुडकी तर दिवसातून चार वेळा नव्या आवृत्तीची चौकशी करून आपली आपणच बदलत. त्यांस बेमुदत रोखून धरण्याची सोय कित्येक वर्षांच्या तक्रारीनंतर २०२२ च्या अखेरीस मिळाली.

क्रमांकांची लबाडी मात्र सत्कार्यासाठीही करावी लागते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, दूरस्थ प्रवेशास अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा पिच्छा पुरवून, एक्सझेड या संपीडन-ग्रंथालयाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी चोरदार ठेवल्याचे उघडकीस आणले. ज्यांनी तत्परतेने अपडेट घेतले त्यांच्याच घरात हे दार पोहोचले होते. डेबियनला मागे फिरणे भाग होते, आणि तिचे दफ्तर तर केवळ पुढेच चालते, तेव्हा ५.४.५ ही जुनी आवृत्ती ‘५.६.१, खरे तर ५.४.५’ अशा आशयाच्या जोडक्रमांकाखाली पाठविण्यात आली. अधोगती उन्नतीच्या वेषात आली, आणि ज्यांचे यंत्र न विचारता बदलले त्यांनी आभारच मानले असतील.

न विचारता, असे म्हटले खरे. पण ज्यांनी आपोआप सुरक्षा-अपडेट घेण्याचे कबूल केले आहे त्यांना विचारण्याचा प्रश्नच नसतो. त्या कबुलायतीची किंमत ८ मार्च २०२३ रोजी दिसली. डेटाडॉग या कंपनीच्या उबुंटू २२.०४ वर चालणाऱ्या यंत्रांवर जागतिक वेळेनुसार सकाळी सहाच्या सुमारास सिस्टिमडी या यंत्रातील सेवा चालविणाऱ्या पॅकेजाची सुरक्षा-दुरुस्ती आपोआप बसली, तिने जाळ्याची व्यवस्था पाहणारा घटक पुन्हा सुरू केला, आणि त्याने आपल्या नोंदीत नसलेले सारे मार्ग परके समजून पुसून टाकले. मार्ग वेगळ्या साधनाने वैध रीतीने घातलेले होते. निरनिराळ्या पुरवठादारांकडील, निरनिराळ्या खंडांतील यंत्रे एकाच घटकेला मुकी झाली, कारण ती एकाच घटकेला आज्ञाधारक होती.

लहानसहान उपद्रवांची मोजदाद येथे करीत नाही. शिफारस केलेली पॅकेजेस न मागता सोबत येण्याची रीत डेबियनमध्ये २००९ च्या ५.० आवृत्तीपासून रूढ झाली, ती एका ओळीने बंद करता येते. ‘ऑटोरिमूव्ह’ हा हुकूम अनाथ पॅकेजांचा निकाल लावतो, आणि एखादे समूह-पॅकेज काढले की त्याच्या छत्राखालचा सारा परिवार अनाथ ठरतो, हे ठाऊक नसेल तर पस्तावा होतो. मालकाने हाताने दुरुस्त केलेल्या मांडणी-फाइलींच्या बाबतीत मात्र डीपीकेजीचे वर्तन अनुकरणीय म्हणावे लागेल: ती विचारते, फरक दाखविते, आणि उत्तर न देता नुसती एंटर दाबली तर मालकाची जुनी फाइलच कायम ठेवते. एक उपद्रव तेवढा मराठी माणसाचा म्हणून सांगतो. माझ्या यंत्रावर एका अपडेटने देवनागरी फॉन्टचे एक पॅकेज काढून दुसरे आणले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझ्या सगळ्या लेखांतील ‘ल’ आणि ‘श’ यांनी हिंदी वळण घेतलेले. मजकूर अक्षरशः तोच होता; पण पाकळीयुक्त ल हा आपला लवाजमा सोडून गेला की पान परक्याचे वाटते.

उपायांचे दोन संप्रदाय आहेत. एक हरकतीचा: ‘होल्ड’ लावून पॅकेज जागेवर खिळवावे, प्राधान्ये लिहून भांडारांची उतरंड ठरवावी, हुकूम प्रथम लटका चालवून पाहावा. दुसरा पूर्वस्थितीवर येण्याचा: ओपनसुसे या वितरणातील ‘स्नॅपर’ प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर संचिकांची प्रतिमा घेतो, मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ अशाच प्रतिमा ठरलेल्या वेळी घेतो, आणि एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या प्रबंधात ज्याची उपपत्ती मांडली आहे ते ‘निक्स’ तर जुने काही बदलतच नाही, नवे शेजारी उभारते आणि दारावरची पाटी तेवढी फिरविते. माझे मत दुसऱ्या संप्रदायाकडे झुकते, कारण पहिला मालकाकडून जी अखंड दक्षता मागतो ती दीर्घकाळ कोणाच्याने होत नाही. खिळवून ठेवलेले आणि मग विसरलेले पॅकेज वर्षभराने सुरक्षेचे भगदाड बनते. तरीही पूर्वस्थितीला मर्यादा आहे. प्रोग्रॅम मागे नेता येतो, पण त्याने दरम्यान नव्या रूपात लिहून ठेवलेला मालकाचा विदा मागे येतोच असे नाही. २०१९ पासून फायरफॉक्स नव्या आवृत्तीने हाताळलेली खाजगी नोंद जुन्या आवृत्तीला उघडू देण्यास नकारच देतो.

वितरणांच्या चालकांकडे मागणे एवढेच की, दुरुस्ती, भर आणि बदली यांच्या संमत्या त्यांनी वेगळ्या घ्याव्यात, आणि धोरणाचा फेरफार गणिताच्या वेषात पाठवू नये. तोवर वाचकाने एक करावे. एपीटी दर वेळी एंटरपूर्वी चार आकड्यांची एक ओळ छापते: किती सुधारणार, किती नवी बसणार, किती काढणार, किती तशीच राहणार. नोटीस वाचण्यास वेळ नसेल तर तीतला तिसरा आकडा आधी वाचावा, आणि तो शून्य नसेल तर वरची यादी वाचून होईपर्यंत हात कळेवर नेऊ नये.